चिंधी बांधलेला भोपळा

आमच्या बाबांना आधी राग यायचा की आधी कुतूहल वाटायचं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. भावाने एकदा फवारणीच्या पंपात गुलाबी रंग भरून शेजाऱ्यांचा पांढराशुभ्र बैल रंगवला. आई लाटणं घेऊन धावली, तर बाबांनी हात आडवा घातला. "थांब वं, कसं केलं ते तं सांगू दे त्याले. नोझल कोणतं लावलं होतं रे?" सगळी हकिगत ऐकून झाली की मग ते रागवायचे, पण तोवर रागात काही दम उरलेला नसायचा. "तुमीच बिघडवता पोरायले," आई म्हणायची.

आमचा भाजीपाला वाशीमच्या बाजारात जायचा. बाबा बाकी सगळं बी विकत आणत, दुधी भोपळ्याचं मात्र घरचंच. वेलावरचा सगळ्यात देखणा भोपळा बियाण्याला राखायचा आणि देठाला लाल चिंधी बांधायची. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, तो वेलावरच वाळायचा. त्यातलं मूठ-मूठ बी बाबा दरवर्षी वाटून टाकत. "बी आपल्याच घरी ठेवलं तं एखाद्या साली संपते. दुसऱ्याच्या घरी ठेवलं तं राह्यते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शाळेत असताना मी तो चिंधीचा भोपळा तोडला. गावातली पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून नाल्याच्या डोहात पोहायला शिकत, मला कोणी शिकवत नव्हतं. भोपळा आधी वाळावा लागतो, एवढी अक्कल मला कुठली? ओल्या फ्रॉकनिशी, भोपळा कडेवर घेऊन घरी आले. आईने केरसुणी उचलली. त्या साली बाबांनी तेवढा एकच राखला होता. चिंधी दिसताच त्यांचा चेहरा उतरला, पण विचारलं काय, तर, "तरंगला का वं?"

"तरंगला, पण उलटून राह्यला होता."

"हं," ते म्हणाले आणि मग ओरडले.

आतलं बी कच्चंच निघालं. दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन आसेगावला गेले, त्यांनी आत्याला दिलेलं बी परत मागायला. ऐकून आत्या तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "तुह्या बापानं बी असाच तोडला होता, चिंधीसकट! पुरा ओला होऊन आला होता. आमच्या बापानं दोरानं मारलं त्याले, अन् भोपळा बैलापुढं टाकला." बाबा खाली बघत होते. "कोनं काई इचारलंच नाई मले," एवढंच म्हणाले.

माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि बाबा माझ्या पदराच्या टोकाला भोपळ्याचं बी बांधत बसले होते. "तुह्या घरी ठेवतो," म्हणाले. मला रागच आला. लेकीला निरोप देताना यांना दुसरं काही सुचू नये?

आता बाबा नाहीत, आत्याही नाही. बाबांच्या वावरात भाऊ सोयाबीन पेरतो. वेल मी सासरी लावते, चिंधीही बांधते. यंदा एकच भोपळा धरला होता. परवा दुपारी माझी लेक निथळत दारात उभी. कडेवर भोपळा, देठाला लाल चिंधी! ही गोष्ट मी तिला कधीही सांगितलेली नव्हती, शपथेवर सांगते. खोटं कशाला बोलू, माझा हात वर गेला होता. बाबांचं बी होतं ते. आणि तोंडातून बाहेर पडलं, "तरंगला का वं?"

"भोपळा तरंगला. मी नाई तरंगली."

हसता हसता मला रडू फुटलं. पोर घाबरूनच गेली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रिठदला नणंदेकडे गेले. बाबांचं ऐकून मी दरवर्षी नणंदेला मूठभर बी देत आले होते. तिने डबा उघडला, बी होतं. परतताना एसटीत पुरचुंडी लेकीच्या मांडीवर होती आणि मी तिला बाबांची आसेगावची गोष्ट सांगत होते. तिने मन लावून ऐकली. मग विचारलं, "मंग आबाजीचा तरंगला होता का?"

एवढी वर्षं मी त्यांच्याजवळ होते, आणि त्यांना हे मीही कधी विचारलं नाही.