म्हातारा गेला

आमच्या मुलुंडच्या लायब्ररीत त्या मालिकेचे नऊ भाग होते आणि माझ्या मते त्या नऊ भागांत एकतीस चुका होत्या. मी त्यांची वेगळी वहीच केली होती. सात दरवाज्यांच्या किल्ल्याला पाचव्या भागात आठवा दरवाजा फुटतो. चेटकीण पहिल्या भागात उजव्या डोळ्याने आंधळी, तिसऱ्यात डाव्या. राजपुत्राचा काळा घोडा पान उलटलं की पांढरा. मी नववीत होते, बीजगणिताच्या नावाने बोंब होती, आणि हे असले उद्योग. आई म्हणायची, एवढं डोकं अभ्यासात घातलं असतंस तर.

एवढ्या चुका असून मी ती पुस्तकं का वाचायचे, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एक भाग संपवला की पुढचा मिळेपर्यंत जेवण गोड लागायचं नाही, एवढं खरं.

लायब्ररी म्हणजे शिंप्याच्या दुकानाशेजारचा एक अरुंद गाळा. लायब्ररीवाले काका प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे, त्यामुळे राक्षस आणि पाककृती बाहेरून सारख्याच दिसायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आणि माझी नाहूरची मैत्रीण त्या गाळ्याच्या पायरीवर बसून भांडायचो. माझा मुद्दा चुकांचा असायचा. तिचं म्हणणं असायचं की त्या चुका नाहीतच, मला वाचता येत नाही.

सगळ्यात मोठं भांडण नावाड्यावरून झालं. चौथ्या भागाच्या शेवटी म्हातारा नावाडी राजपुत्राला पलीकडच्या तीरावर सोडतो, "येतो रे पोरा" म्हणतो आणि नाव वल्हवत धुक्यात शिरतो. शेवटची ओळ: म्हातारा गेला. आणि सातव्या भागात तोच म्हातारा कंदील घेऊन घाटावर उभा. कुठे होता, कसा आला, काही नाही.

"मेलेला माणूस परत येतो होय? वाट लावलीय लेखकाने," मी म्हटलं.

"मेला कुठे लिहिलंय? गेला लिहिलंय."

"म्हातारा गेला म्हणजे मेलाच ना गं."

"येतो म्हणाला होता तो. जातो म्हणाला का?"

"येतो काय, सगळेच म्हणतात, यार. जातो कोण म्हणतं?"

तिने पुस्तक मिटलं आणि घरी निघून गेली. मला वाटलं मी जिंकले. शिक्कामोर्तब करून घ्यायचं म्हणून त्याच संध्याकाळी लेखकाला, प्रकाशकाच्या पत्त्यावर, एक कार्ड टाकलं. म्हातारा मेला की नाही, ते कळवावे. सोमवारी शाळेत तिला तसं ऐटीत सांगितलंही.

तिच्या घरचं मला नीट माहीतच नव्हतं. आमची मैत्री झाली तेव्हा आईने एकदाच बजावलं होतं, "तिचे बाबा गेले गं. जपून बोलत जा." मी अर्थातच जो घ्यायचा तो अर्थ घेतला. मग पहिल्यांदा तिच्याकडे गेले तर तिच्या आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मी हार घातलेला फोटो शोधत होते, तर भिंतीवर फक्त कॅलेंडर आणि खुंटीला इस्त्री केलेला पुरुषी शर्ट. माझं डोकंच चालेना. घरी येऊन आईला विचारलं, तर म्हणाली, "गेले म्हणजे गेले. तुला काय करायचंय?" मैत्रिणीला विचारायचं तर कुठल्या शब्दांत?

कार्ड टाकल्यानंतरच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसले होते. शेजारची एक बाई दारात येऊन म्हणाली, "काय गो, सुरतेसून काय कागद-पत्र? तीन वर्सां झाली की." तिच्या आईने पेजेवरचं झाकण काढलं, ढवळलं, पुन्हा ठेवलं. "नाय. गेलेहत. येतले," ती म्हणाली. येतले म्हणजे येतील. संपात गिरणी बंद पडली, तिचे बाबा कामाच्या शोधात सुरतेला म्हणून निघाले, दारात "येतो" म्हणाले, आणि पुढे काहीच नाही, हे मला त्या दिवशी तिथे बसून कळलं. मैत्रीण समोरच होती, नखाने चटईची काडी सोलत. मला त्या पायरीवरचं माझंच बोलणं आठवलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

आणि नेमकं तेव्हाच लेखकाचं उत्तर आलं. 'म्हातारा चौथ्या भागात मेलाच. सातव्यात तो आला ही माझी नजरचूक. नव्या आवृत्तीत त्याला काढून टाकतो. आपण इतके बारकाईने वाचता याचा आनंद वाटला.'

मी ते कार्ड आठ दिवस भूगोलाच्या पुस्तकात दडवलं. दाखवणं बरोबर की लपवणं, काही कळेना. शेवटी शनिवारी लायब्ररीच्या पायरीवर तिनेच विचारलं, "आलं का गं उत्तर?" मला खोटं बोलता येत नाही, तोंड लाल होतं. मी कार्ड दिलं.

तिने ते दोनदा वाचलं.

"काढून टाकणार?"

"हो."

"सगळ्या पुस्तकांतून?"

"नवीन छापतील त्यांतून. जुन्यांत राहील तो."

तिने कार्ड मला परत दिलं, आत गेली आणि सातवा भाग घेऊन घरी गेली.

तो परत आलाच नाही. काका दर शनिवारी विचारायचे, ती दर शनिवारी मान हलवायची. तो भाग तिच्या घरी त्या इस्त्रीच्या शर्टाखाली, खुंटीच्या पिशवीत होता. मी पाहिला होता आणि गप्प होते. अशाच एका शनिवारी काका वैतागले.

"अगं, गेलं तरी कुठे ते पुस्तक?"

"येतील, काका," ती म्हणाली.

काका हसले. "येतील? एकच नेलं होतंस ना गं?"

मराठीच्या व्याकरणात ती वर्गात पहिली यायची. माझ्या वहीत ती बत्तिसावी चूक झाली असती. मी ती लिहिली नाही.