कटऑफचा भाव

पनवेलच्या कॉलेजात पहिल्या यादीचा कटऑफ ऐंशी टक्के लागला. मला चौऱ्याहत्तर होते. प्रवेश नाही मिळाला तर काकांबरोबर न्हावा शेव्याला बंदरात कामाला जायचं, असं घरी ठरलेलं. मी प्रवेशाच्या खिडकीपाशी नुसताच उभा होतो. मुलीच्या प्रवेशासाठी आलेल्या एका कोळीण मावशींनी माझी मार्कशीट ओढून पाहिली, पदर खोचला आणि क्लार्कला म्हणाल्या, "ऐंशी लई होतात साएब. याला सत्तर लाव."

"मावशी, हा बाजार नाही."

"मंग भाव कशाला लिवलाय?"

मग मला म्हणाल्या, "घाबरू नको. मच्छी उरली का सांजचा भाव उतरतोच. जागांचं पन तसंच."

तिसऱ्या यादीत कटऑफ चौऱ्याहत्तरवर आला. संध्याकाळची मच्छी म्हणून का होईना, मी खपलो.