ड्राय डेची पंगत

कामठीला कन्हान नदीच्या काठावर, छावणीच्या उताराला एक जुना बार आहे. गोऱ्या सोल्जरांसाठी तो उघडला होता म्हणतात. सोल्जर गेले, मालक चार बदलले, पण नदीकडे तोंड केलेला लांबच लांब व्हरांडा आणि त्यावरची लाकडी टेबलं तिथंच राहिली. पाटीवर काहीतरी इंग्रजी नाव आहे, ते कुणी घेत नाही. माणूस घरातून निघताना "नदीवर जाऊन येतो" म्हणतो आणि बायको काय समजायचं ते समजते.

या व्हरांड्यात रुपराव छत्तीस वर्षं वेटर आहेत. स्वतः थेंबही घेत नाहीत. कुणाला बर्फ चालत नाही, कुणाला शेंगदाण्यांवर कांदा जास्त लागतो, कोण घरून भांडून आलाय, हे त्यांना विचारावं लागत नाही. मालकांनी दोनदा मॅनेजर व्हा म्हटलं, तर म्हणाले, "मंग टेबलं कोन पायीन जी?" असा हा समाधानी माणूस. त्याचं पायताण आणि त्याचं मन, दोन्ही कधी चावत नसत.

फक्त एका बाबतीत गडी कच्चा. नात्यागोत्यात कुणी विचारलं, की रुपराव म्हणत, "मी हॉटेल लाइनमंदी हावो." लग्नात, बारशात, मयतीलासुद्धा हेच. म्हणायचे आणि लगेच विषय बदलून पावसापाण्यावर यायचे.

त्यांची लेक नूपुर रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. तिथल्याच औषधांच्या काउंटरवरच्या दुर्गेशशी तिचं जमलं. मुलगा नरखेड तालुक्यातला, घरी संत्र्याची बाग. वडील नत्थूजी, आई शोभाताई. माणसं भली, पण घरात दारूचं नावही निघत नाही, असं दुर्गेशनं आधीच सांगून ठेवलं होतं. ते ऐकलं आणि रुपरावांना घोर लागला. लेकीचं लग्न आपल्यापायी मोडलं तर? हा प्रश्न घेऊन ते उठत आणि तोच घेऊन झोपत.

दोन ऑक्टोबरला पाहुणे येणार ठरलं. घर दोन खोल्यांचं. रुपराव बायकोला म्हणाले, "आपल्या हॉटेलातच जेवू घालू."

प्रेमलताबाई उडाल्याच. "डोकं फिरलं काय तुमचं? तिथं कोनी बाटली काढली म्हंजे?"

"ड्राय डे हाये न वं त्या दिवशी!"

आता ही गोष्ट खरीच होती. या बारचा जुना रिवाज असा, की ड्राय डेला दारू बंद, पण चूल चालू. त्या दिवशी रोजचे बसणारे बायकापोरांना घेऊन येतात. पाटोडी-रस्सा, भाकर आणि मठ्ठा. नवरा रोज कुठे बसतो ते बायका डोळ्यांनी पाहून घेतात, पोरं पायऱ्यांवरून नदीत खडे मारतात. रुपरावांना वाटलं, याहून घरंदाज हॉटेल दाखवायचं तरी कुठलं?

मंडळी कामाला लागली. बाटल्यांच्या कपाटावर फुलाफुलांची चादर टांगली. व्हिस्कीच्या जाहिरातीवर गांधीजींचा फोटो आला, वर झेंडूचा हार. रिटायर्ड हेडमास्तर वसंतराव रोजच्या बसणाऱ्यांत सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी सगळ्यांना वर्गात दम द्यावा तसा दम दिला, "आज पेग, क्वार्टर, चखना, यातला एकही शब्द कोनाच्या तोंडून निघाला नाही पाह्यजे."

पाहुणे आले. नत्थूजी धोतरातले, थोडक्यात बोलणारे. शोभाताईंची नजर मात्र चादरीवरून फोटोवर, फोटोवरून रुपरावांवर फिरत होती. तोपर्यंत सगळं झकास चाललं होतं. रस्सा झणझणीत, भाकर गरम. रुपराव स्वतः वाढत होते. शेवटी मठ्ठ्याचे ग्लास आले.

आणि तिथं घात झाला. वसंतरावांनी ग्लास उचलला, बोट बुडवलं आणि पहिल्या घोटाआधी दोन थेंब जमिनीवर शिंपडले. शेजारच्या टेबलावरच्यानं शिंपडले. पलीकडच्या चौघांनी शिंपडले. सगळा व्हरांडा वर्षानुवर्षांच्या सवयीनं मठ्ठ्याचे थेंब उडवत होता. ज्यांनी पिणारी माणसं पाहिलीत त्यांना सांगायला नको, दारूचा पहिला घोट घेण्याआधी ती असेच थेंब उडवतात. बायकांनी कपाळावर हात मारले.

"हे काय जी?" नत्थूजींनी विचारलं.

हेडमास्तर डगमगले नाहीत. "नदीचा नेम हाये आमच्याकडे. पहिला थेंब कन्हानमायचा."

"असं काय!" म्हणत नत्थूजींनी ग्लासात बोट बुडवलं, दोन थेंब मोठ्या श्रद्धेनं शिंपडले आणि नदीकडे वळून हात जोडले.

ते जोडलेले हात रुपरावांना पाहवेनात. एक साधा म्हातारा आपल्या घरी सोयरीक करायला येतो आणि आपण त्याच्याकडून दारूच्या थेंबांची पूजा करवतो? त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. हातातलं मठ्ठ्याचं पातेलं त्यांनी खाली ठेवलं.

"नत्थूजी, हे हॉटेल नाही. बार हाये. मी इथं दारू वाढतो. छत्तीस वर्षं झाले. पोरीचा यात काही दोष नाही जी, खोटं मी बोललो."

प्रेमलताबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. नूपुर तेवढी शांत होती.

नत्थूजी बायकोकडे पाहू लागले. शोभाताईंनी ग्लास बाजूला सरकवला.

"आमाले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीनं पहिल्याच भेटीत सांगतलं."

"पहिल्याच?" रुपरावांनी लेकीकडे पाहिलं. "आन तरी तुमी आले?"

"मी तर ते ऐकून उठूनच चालली होती. माहा लहान भाऊ असाच पिऊन पिऊन गेला. एका रात्री घरी येतायेता रस्त्याच्या कडेला पडला, सकाळी सापडला. त्या दिवसापासून आमच्या घरी हे नाव निघत नाही." शोभाताईंनी नदीत खडे मारणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "मंग तुमची नूपुर बोलली, 'माहे बाबा झेपत नाही त्याले दारू देत नाहीत. सायकलवर मागं बसवतात आन घरी नेऊन सोडतात. लहानपनी मी रोज त्यायची वाट पाहत जागी राहो, तर आई म्हने, बाबा कोनाले तरी घरी पोचवून येऊन राहिले.'"

हे लेकीनं कधी पाहिलं, कधी मनात ठेवलं, रुपरावांना पत्ताही नव्हता. बोलायला गेले आणि रडूच आलं, भर व्हरांड्यात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

शोभाताईंनी बाजूची खुर्ची ओढली. "माह्या भावाले तसं कोनी भेटलं नाही," त्या म्हणाल्या. "बसा भाऊ. तुमी जेवले नाही अजून."