आखाडाचं तळण

कापूरहोळच्या फाट्यावर एसटी बदलताना मला काहीही विकत घ्यायची हुक्की येते. शनिवारी भोरच्या ऑफिसातून सुटायचं, पालीला सासरी जायचं आणि पुढची गाडी येईपर्यंत टपरीवर लटकलेल्या माळा न्याहाळायच्या. कधी चिंचेच्या गोळ्या घेते, कधी हिरवीगार जेली. एकदा तर केस आखूड कापलेले असताना चापांचं अख्खं कार्ड घेतलं. बॉबीचा पुडा मात्र ठरलेला. बॉबी म्हणजे बोटांत घालून खायच्या त्या पिवळ्या पोकळ नळ्या. त्या सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्या ओट्यावर बसून पाची बोटांत नळ्या घालतात आणि एकेक कुडूम कुडूम खातात. आधी त्या असलं काही हातात धरत नसत. विकतचं म्हणजे कचरा, हे त्यांचं ठाम मत. गेल्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला, त्यातून उठल्या आणि बॉबीच्या मागे लागल्या. या वयात यायचीच लहर, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

आखाडात आमच्याकडे तळण असतं. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट मळून कापण्या करायच्या. आधी गावदेवीला निवद, मग आळीत घरोघरी ताटली, आणि सगळ्यांत शेवटी घरच्यांच्या तोंडात. निवदाआधी चव तर घ्यायची नाहीच, मुद्दाम वासही घ्यायचा नाही. आपोआप नाकात शिरेल तेवढ्याला देवीची हरकत नसते, आणि आत्यांचा सगळा कारभार त्या आपोआप शिरलेल्या वासावरच चाले. कापण्या खाव्यात तर आत्यांच्या, यावर आळीत कुणाचं दुमत नव्हतं. आत्यांचं तर नव्हतंच.

यंदा मी पोचले तोवर ताटल्या घरोघरी जाऊन परतही आल्या होत्या. रिकामी ताटली कुणी परत पाठवत नाही, म्हणून कुणी गुळाचा खडा ठेवला होता, कुणी मूठभर शेंगा. बाया छान झाल्यात म्हणाल्या, असं आत्यांनी मला सांगितलं. मी कापणी तोंडापाशी नेली आणि खवट वास आला. घाण्यावरच्या शेंगतेलाचा जुना डबा त्यांनी संपवायला काढला होता. असला वास पूर्वी त्यांना अंगणातून आला असता. मी कशीबशी गिळली आणि छान झाल्यात म्हणाले. आळीनंही तेच केलं होतं.

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"त्याल खवाट हुतं ना?" त्या म्हणाल्या. "तापापासनं मला वासच येत न्हाई. चव बी कळत न्हाई. हाताला सवय हाय, निभंल म्हनलं. आता फुडं म्या तळाय बसायची न्हाई."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं, की मला रडू यायला लागलं. काहीतरी करायचं म्हणून मी पिशवीतून बॉबीचा पुडा काढून पुढे केला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बॉबीचं वेडही त्या तापापासूनचंच. चव लागत नाही तर हे का खाता, मी विचारलं.

"त्याचा आवाज येतो," आत्या म्हणाल्या. "खाल्ल्यावानी वाटतं."

तुम्ही तळा, वास मी घेते, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. निवदाचा वास घ्यायचा नाही म्हणजे कुणीच घ्यायचा नाही. मग त्या शेजारणीच्या शेंगा फोडत बसल्या. बऱ्याच वेळानं तोड त्यांनीच काढली. कापणी पडायच्या आधी तेल ते नुसतं तेल, त्याचा वास घेतला तर चालेल.

आखाड अजून सरला नव्हता. शुक्रवारी ऑफिसात त्यांचा फोन आला. देवीला पुन्हा निवद दाखवायचा होता, आळीच्या ताटल्याही पुन्हा भरायच्या होत्या. बॉबी आणू का, मी विचारलं.

"आण. पर येळंवर ये," त्या म्हणाल्या. "तुझं नाक आल्याबिगर कढईत कापणी टाकत न्हाई."