वहिनीची नजर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, बायकोलाही नाही. तुला सांगतोय, कारण तू आमच्या घरी कधी जेवायला येणार नाहीस.

कळंब्याच्या रस्त्यावर दादाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम वहिनी करायची. कॉम्प्युटर जुनाट, पण त्यावर तिचा हात बसलेला. फोटो लहानमोठे करायचे, चेहऱ्यावरचे डाग काढायचे — सगळं नजरेनंच. मापं बघायची तिला कधी गरज पडली नाही. घरातला कॉम्प्युटरचा शहाणा मात्र मी. तशी माझी ख्याती होती — मीच पसरवलेली.

जुना मॉनिटर बंद पडला तेव्हा मी नवा, रुंद आणला. जुन्या कॉम्प्युटरला तो झेपेना. सेटिंगच्या यादीत त्याच्या मापाचं रिझोल्यूशनच — पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके, तो आकडा — नव्हतं. मग मी माझ्या मनाचे आकडे टाकले. मशीन अडखळायला लागलं, तर रंगही कमी केले. पडदा भरला, दादा खूश. आकडे बरोबर होते का? मी तपासलंच नाही.

फोटो ठीकच होते, पण पडद्यावर सगळं किंचित पसरट दिसत होतं. वहिनी काय करणार? डोळ्याला बरोबर वाटेपर्यंत ती चेहरे आवळत राहिली. रंग कमी म्हणून गालांवर पट्टे दिसायचे, तेही ती पुसत बसायची. छापून आल्या त्या लांबुडक्या, मेणाच्या बाहुल्यांसारख्या नवऱ्या. राधानगरीकडच्या एका नवरीच्या बापानं अल्बम काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "पावणं, ही आमची पोरगी न्हाय."

दादा सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाला, "तुझी नजर गेली आता. ऱ्हाऊ दे."

त्याच संध्याकाळी मी पडद्यावर एक गोल काढला आणि त्याला पट्टी लावली. उंचीपेक्षा रुंदी जास्त भरली. तेव्हा बोलायला काय झालं होतं? एक वाक्य पुरलं असतं. पण मग घरातला शहाणा कोण उरला असता? मी गुपचूप आकडे बदलले, रंग पूर्ववत केले, आणि अल्बम मीच करायला लागलो. ते नीट छापून आले. म्हणजे दोष वहिनीच्याच डोळ्यांचा — माझा प्रत्येक चांगला अल्बम तेच सांगत राहिला. आता बोलायचं तरी कसं? काम जितकं चांगलं, तितका मी अडकत गेलो.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. रांगोळी काढायची सोडली. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ आहे का, हेसुद्धा मला विचारते. मी सांगतो. भित्रा आहे मी, दुसरं काय?

गेल्या महिन्यात पुतणीचं लग्न झालं — वहिनीची एकुलती एक मुलगी. वहिनी म्हणाली, "पोरीचा अल्बम तुमीच करा भावजी. माझ्या हातनं तिचं तोंड बिघडंल." आणि माझ्यामागं स्टूल घेऊन बसली. एका फोटोपाशी तिनं मला थांबवलं.

"ह्यो जरा लांबट झालाय का?" मग स्वतःच — "न्हाय, माझं डोळंच तसलं."

फोटो लांबट होता. माउसनं ओढून मोठा करताना माझाच हात जास्त गेला होता.

"बरोबर हाय की वहिनी," मी म्हणालो, आणि तो तसाच छापायला पाठवला.