अकरा जणांचं एकच बालपण

राखोलीच्या एका शाळेतल्या सुर्वेबाई मूळच्या देवगडच्या. बावीस वर्षं शिकवून जीव मेटाकुटीला आला, तरी मनातलं कुणाला सांगतील तर शपथ.

शिक्षकांच्या थकव्यावर संशोधन करणारी रोहिणी प्रश्नावल्या देऊन गेली. नाव लिहायचं नव्हतं, म्हणून बालपणाबद्दलच्या प्रश्नाला बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं: सातव्या वर्षी वडिलांनी दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं होतं. कागद टेबलावर ठेवून त्या तासाला गेल्या.

कुठलाही फॉर्म एकानं भरायचा आणि बाकीच्यांनी उतरवायचा, हा तिथला रिवाज. उरलेल्या दहा शिक्षकांनी बाईंचा कागद इमानेइतबारे उतरवला.

आठवड्यानं रोहिणी चक्रावून आली. "तुम्ही अकराही जण लहानपणी खुराड्यात होता?"

धिप्पाड झुंबर सर छताकडे बघू लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अजून आहोत."