मामांच्या घुगऱ्या

डॉक्टरनं माझ्या सासऱ्यांना एवढंच सांगितलं होतं, की रोज मूठभर मोड आलेलं कडधान्य खात जा, शुगर ताब्यात राहील. मूठ कुणाची, ते सांगायला तो विसरला. सासऱ्यांची मूठ पेरणीची. कन्नड तालुक्यातली शेती बटईनं देऊन ते हर्सूलला आमच्याकडं राहायला आले, तेव्हापासून त्या मुठीला काम नव्हतं. आता ते मिळालं आणि माझा किचनओटा गेला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, ते मला बाई. तर मामांनी जुनं धोतर फाडून फडकी केली. एकात मटकी, एकात हरभरा, एकात हुलगे, आणि सगळी गाठोडी खिडकीच्या गजाला टांगलेली. उन्हाळ्यात दारातून आत आलं की पहिला नमस्कार त्या आंबूस वासाचा. इथं नळाला पाणी आलं की गल्लीत सण असतो, आणि हे ते पाणी मटकीला आंघोळ घालण्यात घालवणार. मी तेच पाणी बादलीत धरून फरशी पुसायची आणि भांडी जरा जोरात आपटायची. मामांना ऐकू कमी येतं, असं ते म्हणतात.

रोज सकाळी फडकं सोडून ते पीकपाणी सांगायचे. उगवण चांगली झाली, मटकी जोरात आहे, हरभऱ्यात गणंग लई निघाले. गणंग म्हणजे कितीही भिजवा, मोड न येणारा दाणा. तसले दाणे निवडून ते खिडकीबाहेर चिमण्यांना टाकायचे. एकदा गणंग म्हणाले आणि शेजारी चहा गाळणाऱ्या माझ्याकडं त्यांचं लक्ष गेलं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झालीत आणि मला मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग नवऱ्यानं आणि मी ठरवलं की आता बास. घरात तो विषय कुणी काढत नाही. गल्लीत मात्र दुसरा विषय नाही. त्या दिवसापासून मामा माझ्याकडं पाठ करून दाणे निवडायला लागले, आणि तो शब्द पुन्हा त्यांच्या तोंडी आला नाही.

एके दिवशी हरभऱ्याला इतके मोड आले, की आम्ही तिघांनी आठवडाभर खाल्ले असते तरी संपले नसते. फेकायचं म्हटलं तर मामांचा जीव तुटला. त्यांनी सगळा हरभरा मीठ घालून उकडला, डबे भरले आणि धोतराचा सोगा सावरत गल्लीत निघाले. दारोदारी जाऊन म्हणाले, गरम घुगऱ्या हायेत, खा. त्यांच्या गावाकडं उकडलेल्या अख्ख्या दाण्याला घुगऱ्याच म्हणतात, दुसरं काय म्हणणार बिचारे. पण दारोदार घुगऱ्या वाटल्या, की त्याचा अर्थ अख्ख्या मुलखात एकच. घरात बारसं आहे.

गल्लीनं घुगऱ्या खाल्ल्या आणि डोकं चालवलं. सुनेचं पोट तर कधी दिसलं नाही. मग दत्तक घेतलं असणार, गुपचूप. मला याचा पत्ताही नव्हता. संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. मूळच्या वैजापूरच्या, गल्लीतली कुठलीही बातमी त्यांच्या ओट्यावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. हातात पिशवी, पिशवीतून काढलेलं पिवळं झबलं, आणि नजर घरभर फिरतेय. पाळणा शोधतेय, हे मला जरा उशिरा कळलं.

"बाळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, नवऱ्याला विचारा. त्या वेळी ती टाळ्याला चिकटली. बाळ नाहीये, हे दोन शब्द मला आजवर कुणासमोर मोठ्यानं म्हणावे लागले नव्हते. ते आता त्या झबल्याकडं बघत म्हणायचे होते. मला रडू फुटणार होतं आणि काकूंसमोर तर मला मुळीच रडायचं नव्हतं.

तेवढ्यात मामा आतून आले. कमी ऐकू येतं ना त्यांना. हातात ओलं फडकं, पाणी फरशीवर टपटपतंय.

"बारसं माझं व्हतं, ताई. शुगर उतरली माझी. नवा जन्मच म्हणायचा."

हे साफ खोटं होतं. त्यांचा रिपोर्ट अजून यायचा होता आणि पुढं आला तेव्हा शुगर होती तिथंच होती. बहिरेपण सोडलं तर जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण बोलले ते अगदी सहज, फडकं पिळत पिळत.

काकू हसल्या. ओशाळल्याही असतील, पण त्या रिकाम्या हातानं परत जाणाऱ्यातल्या नव्हेत. "मग आबा, नाव काय ठेवलं?"

"नावं ठेवायला गल्ली हाय की," मामा म्हणाले. "आमच्या बाईला इतकी वर्षं ठेवली, आता थोडी मला ठेवा."

काकूंचा चेहरा उतरला. मग त्यांनी पिशवीतून घुगऱ्यांचा डबा काढून ठेवला, रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून आणली होती. शुगरवाल्याच्या घरी साखर. झबलंही खुर्चीवरच ठेवून निघाल्या. दारातून म्हणाल्या, असू द्या, कधी ना कधी कामाला येईल.

मी आत जाऊन मोरीचा नळ सोडून रडले. पाणी वाया गेलं, त्याबद्दल मामा एक शब्द बोलले नाहीत.

झबलं बरेच दिवस खुर्चीवर पडून होतं. तिघंही त्याला वळसा घालून जायचो. मग एका सकाळी मी ते हातात घेतलं. मलमलचं होतं, चांगलं मऊ. रात्री भिजवलेले मूग मी त्यात घातले, बाह्यांची गाठ मारली आणि खिडकीच्या गजाला टांगलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी ते सोडलं. मूग ताटात ओतून निवडायला लागले. आज पाठ केली नाही त्यांनी.

"याच्यात उगवण चांगली झाली, बाई," ते म्हणाले.